हललं कोण?

मास्तर शाळेत शिकवत नव्हते, ते दातांच्या कवळ्या बनवायचे. लॅबच्या मालकीणबाईंनी पहिल्याच वर्षी त्यांचं काम बघून त्यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा "मास्तर आहेत का?" असंच विचारायचा.

लॅब म्हणजे वह्या-पेनं विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टर कालवायचं, साचे ओतायचे, तयार कवळ्या मशीनवर घासून चकचकीत करायच्या. तिथे दिवसभर घरघर आणि पांढरी धूळ. आतली खोली शांत. तिथे खिडकीला लागून मास्तरांचं टेबल, टेबलावर बोटभर ज्योतीचा बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, लहानमोठ्या सुऱ्या आणि रंगांप्रमाणे लावून ठेवलेल्या दातांचे ट्रे. सुरी ज्योतीवर धरायची, मेणात एकेक दात बसवायचा, दोन दातांमधली हिरडी कोरून काढायची. केसभर इकडचं तिकडे झालं, तरी ज्याच्या तोंडात ती कवळी जाणार त्याला पहिल्या घासाला कळतं. बावीस वर्षं मास्तरांनी हेच काम केलं होतं आणि त्यांची कवळी दवाखान्यातून परत आल्याचं फारसं कुणाला आठवत नव्हतं.

लग्न उशिरा झालं आणि मुलं त्याहून उशिरा. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. मूल होण्याची आशा दोघांनीही सोडून दिली होती, त्याबद्दल बोलणंही थांबवलं होतं, तेव्हा मास्तरांच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली. ती चालायला लागली तीच धावत, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायला लागले. तिच्या पाठोपाठ दोन वर्षांनी मुलगा झाला. त्याचे गाल इतके गुबगुबीत, की तो आपोआप गब्बू झाला.

उशिरा बाप झालेल्या माणसाचं जे होतं तेच मास्तरांचं झालं. मुलं झोपली तरी फोटो, उठली तरी फोटो. जांभई दिली, शिंक आली, टोपी डोळ्यांवर घसरली, मास्तरांचा फोन तयार. भिंगरी पाळण्यात होती तोवरचे फोटो बघण्यासारखे होते. तिच्या पापण्या मोजाव्यात इतके स्वच्छ. मास्तर ते लॅबमध्ये सगळ्यांना दाखवायचे आणि कुणी "वा" म्हटल्याशिवाय फोन परत घ्यायचे नाहीत.

मग हळूहळू फोटो बिघडत गेले. भिंगरीच्या तोंडाच्या जागी फिकट डाग, हाताच्या जागी पुसट पट्टा. कधी नुसताच फ्रॉकचा लाल फराटा. मास्तरांनी फोनची काच पुसली, फोन बदलला. नवा फोन चांगला होता, तरी फोटो तसेच. पुढे गब्बू पालथा पडून हातपाय मारायला लागला आणि तोही पुसट यायला लागला.

मास्तरांची ताई दुसऱ्या गावी राहायची. तिच्या-त्यांच्या वयात सात वर्षांचं अंतर. रविवारी सकाळी तिचा फोन ठरलेला. एका रविवारी ती म्हणाली, "बाळ, तू काल पाठवलेले फोटो बघितले. पोरं आहेत का धूर आहे रे? बाबांच्या हातात कॅमेरा दिला होतास की काय?"

ती हसली, मास्तरही हसले. दोघं इकडचं तिकडचं बोलले आणि फोन ठेवला. पण मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यांच्या वडिलांना कंपवात होता. वडील कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या अक्षराचं सगळीकडे कौतुक व्हायचं. आजाराची पहिली खूण त्या अक्षरात दिसली. ते बारीक होत गेलं, इतकं की ओळीच्या शेवटी नुसत्या मुंग्या दिसायच्या. मग सदऱ्याची बटणं लागेनात. मग कप बशीवर वाजायला लागला. अकरा वर्षं ते तसे होते. शेवटची चार वर्षं मास्तरांनीच त्यांना भरवलं. ते गेले तेव्हा बाहत्तर वर्षांचे होते, पण सुरुवात कधी झाली हे घरात कुणालाच नीट सांगता आलं नाही. वडिलांनी ती बरेच दिवस लपवली होती.

आता मास्तर तेच करायला लागले.

सकाळी बाथरूमचं दार लावून ते हात समोर ताणून धरायचे आणि बोटांच्या टोकांकडे बघत राहायचे. काही दिसलं नाही तर हातावर कागद ठेवायचे. कागदाचं टोक थरथरायचंच. लॅबमध्ये चहा आला की ते म्हणायचे, "ठेवा, गार होऊ दे," आणि सगळे कामाला लागले की भिंतीकडे तोंड करून प्यायचे. पूर्वी समोरचे सहा दात एका बैठकीत बसवणारे मास्तर आता बसवलेला दात काढून पुन्हा बसवायला लागले, तोही पुन्हा काढायला लागले. मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "मास्तर, चांगला बसलाय की. कशाला छळताय त्याला?" मास्तर नुसते हसले.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी गब्बूला जिन्यावरून खाली न्यायचं सोडलं. घर दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आणि वळणाचा. "तूच घे ना त्याला, मी पिशवी घेतो," असं म्हणायचे. नखं कापायची वेळ आली की त्यांना नेमकं काहीतरी काम निघायचं. बायको बघत होती, पण बोलत नव्हती. आणि मास्तर तिलाच सगळ्यात जास्त घाबरत होते. वडील ज्या गोळ्या घ्यायचे त्याच गोळ्या ती रोज लोकांना काढून द्यायची. तिच्यापासून काय लपणार?

भिंगरी बालवाडीत जायची झाली, तेव्हा बायकोच म्हणाली, "अहो, एक बरा कॅमेरा घेऊ या. दोन्ही मुलं मोठी होतील आणि आपल्याकडे नुसते फराटे राहतील."

मास्तर लगेच हो म्हणाले. त्यांनी एक मोठा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि आठ दिवस खपून पंधरा कॅमेऱ्यांचा तक्ता केला. वजन, झूम, बॅटरी, सगळ्याचे रकाने. बायकोने तक्ता हातात घेतला.

"हा रकाना कसला? थरथर?"

"म्हणजे हात हलला तरी कॅमेरा सावरून घेतो. कुठला किती सावरतो ते लिहिलंय."

"त्याखाली लाल पेनाने रेघ का मारलीत?"

"महत्त्वाचं असतं ते," मास्तर म्हणाले आणि गब्बूची बाटली उकळायला स्वयंपाकघरात गेले.

शनिवारी दुपारी चौघं निघाले. पहिलं दुकान काचेचं, मोठं, थंडगार. टाय लावलेला एक पन्नाशीचा विक्रेता पुढे आला आणि त्याने पोळपाटाएवढ्या घेराची पिशवी उघडून एक काळा कॅमेरा बाहेर काढला.

"साहेब, याचा झूम बघा. यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"आमची मुलगी चंद्रावर नसते," बायको म्हणाली. "सोफ्यावर असते."

तेवढ्यात भिंगरी टीव्हींच्या रांगेत शिरली आणि बायको गब्बूला कडेवर घेऊन तिच्यामागे धावली. मास्तरांनी संधी साधली. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "हात थरथरत असेल, तर याने येतात का फोटो?"

"बिनधास्त. परवाच ऐंशी वर्षांचे आजोबा घेऊन गेले."

मास्तरांनी कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. तो चांगलाच जड होता. एका मिनिटात त्यांच्या मनगटाला रग लागली आणि समोरची चौकट डुलायला लागली. हे दिवस यायचेच होते, त्यांना वाटलं. मग निदान सावरणारं यंत्र तरी चांगलं असू दे. ते म्हणाले, "हाच द्या."

बायको परत आली होती. तिने कॅमेरा हातात घेऊन बघितला, झाकण काढलं, परत लावलं.

"अहो, हा पिशवीतून काढायचा, झाकण उघडायचं, चालू करायचा, तोवर भिंगरी खालच्या मजल्यावर पोचलेली असेल. अजून एक दुकान बघू. आमच्या दुकानात येणाऱ्या एक बाई सांगत होत्या, मागच्या गल्लीत एक कॅमेरावाली आहे म्हणे, तीस वर्षं बालवाड्यांमध्ये फोटो काढायची. आता जुने-नवे कॅमेरे विकते."

मास्तरांना जायचं नव्हतं. पण का जायचं नाही हे सांगता येईना, म्हणून गेले.

मागच्या गल्लीतलं दुकान एका खोलीचं. दारात चप्पल काढून ठेवायची पाटी, आत काचेची दोन कपाटं, एक काउंटर, दोन स्टुलं. काउंटरमागे साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, केस मागे घट्ट बांधलेले. मास्तरांनी तक्ता उलगडून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तो न बघताच बाजूला सरकवला.

"कुणाचे फोटो काढायचेत?"

"मुलांचे. ही तीन वर्षांची, हा अकरा महिन्यांचा."

"आता कशावर काढता?"

"फोनवर. पण नीट येत नाहीत."

"मग ते नीट न आलेलेच दाखवा. चांगले नकोत मला."

मास्तर घुटमळले. डॉक्टरपुढे सदरा काढताना माणूस घुटमळतो तसे. मग त्यांनी फोन दिला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायला लागल्या. मधूनच "हा घरात काढलाय? संध्याकाळी? दिवा कुठे होता?" असं विचारत होत्या. मास्तर उत्तरं देत होते. दहा-बारा फोटो झाल्यावर बाई सहज म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा."

मास्तरांना वाटलं, बाई गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून बोलताहेत. "नाही हो. हात हलतो माझा. म्हणून तर नवीन घ्यायचाय."

"हलतो असं कोण म्हणालं?"

"दिसतंच आहे की फोटोत."

"कुठे दिसतंय? या, इकडे या." बाईंनी त्यांना काउंटरच्या आतल्या बाजूला बोलावलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. "ही मुलगी पुसली गेलीय, बरोबर. आता तिच्याकडे बघू नका. तिच्यामागचं कपाट बघा. कपाटाची कडी दिसते?"

"दिसते."

"कडीचा स्क्रू?"

"हो."

"स्क्रूची खाच कुठल्या दिशेला आहे?"

"तिरकी. उजवीकडे."

"कपाटावर कॅलेंडर आहे. त्यावरचे आकडे वाचा."

मास्तरांनी वाचले. सात, आठ, नऊ, दहा. चौदा तारखेभोवती बायकोने पेनाने केलेला गोलसुद्धा दिसत होता.

"आता मला सांगा," बाई म्हणाल्या, "तुमचा हात हलला असता, तर अख्खा फोटो हलला असता. कडी, स्क्रू, कॅलेंडर, सगळं. हाताला काय माहीत, कपाट कुठलं आणि मुलगी कुठली?"

मास्तर पुन्हा त्या पुसट मुलीकडेच बघायला लागले. बाईंना वाटलं, पटलं नाही. त्यांनी फोनचा कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळाकडे धरला, मुद्दाम हात हलवला आणि फोटो काढला. घड्याळ, भिंत, शेजारचा खिळा, सगळ्यांना एकाच बाजूला शेपट्या फुटल्या होत्या. "हात हलला की असं होतं. तुमच्या एकाही फोटोत असं नाही. तुमच्या फोटोत हललीय ती मुलगी. घरात उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो. तेवढ्या वेळात ती इकडून तिकडे गेलेली असते."

"पण पहिले फोटो चांगले यायचे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच वेगळा वाटला. "ती तीन-चार महिन्यांची होती तेव्हा. नंतर बिघडत गेले."

"तीन-चार महिन्यांची असताना पळत होती का ती?"

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी फोन परत घेतला आणि जुने फोटो काढले. भिंगरी पुसट, पण खुर्चीचा पाय स्वच्छ. गब्बू पुसट, पण चटईची वीण मोजता येईल अशी. पडद्याची घडी, स्विचबोर्ड, भिंतीवरचा खडूचा ओरखडा. एकामागून एक फोटो ते बघत गेले. ज्या फोटोंकडे सात महिने बघवत नव्हतं, त्यांच्यात त्यांच्या हाताची साक्ष पडून होती आणि त्यांनी नजर कधी कोपऱ्याकडे वळवलीच नव्हती. दुसऱ्याच्या तोंडातला केसभर फरक ओळखणाऱ्या माणसाला आपल्याच घरचं कपाट दिसलं नव्हतं.

बायको दारापाशी भिंगरीची चप्पल शोधत होती. तिने वळून बघितलं. "काय झालं? असे काय बसलात?"

"मला वाटलं होतं, बाबांचं मला आलंय," मास्तर म्हणाले.

बायकोने चप्पल शोधायचं सोडलं. मग गब्बूला या कडेवरून त्या कडेवर घेत जवळ आली. "कधीपासून वाटतंय?"

"सात महिने झाले."

"म्हणून तुम्ही याला जिन्यावरून न्यायचं सोडलंत?"

मास्तरांनी मान हलवली.

"आणि मी समजत होते, तुम्ही कंटाळलात," ती हळू आवाजात म्हणाली. "या वयात दोन-दोन पोरं, रडारड, झोप नाही. मला वाटलं, आता नको झालंय यांना. मी एकदा तुमच्या ताईंना फोनसुद्धा करणार होते." तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. तिने गब्बूला उचलून सरळ मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. "धरा. आणि यापुढे असलं काही वाटलं तर मला आधी सांगायचं. मी घरात शोभेला नाही."

कॅमेरावाल्या बाई तेवढा वेळ एक कापड घेऊन काच पुसत होत्या. ती आधीच स्वच्छ होती. मग त्या म्हणाल्या, "हे बघा, मी काही डॉक्टर नाही. फोटो काढताना हात स्थिर होता, एवढंच मी सांगू शकते. बाकीचं डॉक्टरांना दाखवून या, म्हणजे मनात राहणार नाही. पण कॅमेरा घ्यायचा तर मुलांसाठी घ्या. ते थरथर सावरणारं यंत्र तुमचा हात सावरेल, या कन्येला कोण सावरणार?"

त्या कन्येने तोवर स्टूल आडवं करून त्याची होडी केली होती.

बाईंनी तीन कॅमेरे काउंटरवर मांडले. "हिला पळू दे. तुम्ही काढा."

पहिला दिसायला देखणा होता. मास्तरांनी बटण दाबलं, कॅमेऱ्याने जरा विचार केला आणि फोटो निघाला तेव्हा चौकटीत नुसती फरशी होती. "हा मंद आहे," बाई म्हणाल्या. "डोंगराचे फोटो छान काढतो. डोंगर थांबतो." दुसरा झटपट होता, पण त्याची लेन्स एवढी मोठी, की ती आपल्याकडे वळलेली बघताच भिंगरी जागच्या जागी थांबली, हात पाठीमागे बांधले आणि कुणीतरी रागावल्यासारखा चेहरा केला. बायकोला हसू आवरेना.

तिसरा लहान होता आणि वापरलेला. कोपऱ्यावर रंग उडून धातू दिसत होता. बाईंनी त्याची चकती फिरवून दाखवली. "लेन्सचं तोंड मोठं आहे, त्यामुळे घरातला उजेड पुरतो. इथे पाचशे आणून ठेवा. म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भागच डोळा उघडेल. तेवढ्यात ही कुठे जाणार? आणि चेहरा दिसला की हा स्वतःच त्याच्यावर नेम धरतो. तुम्ही फक्त दाबा. आणि एक करा, खाली बसा. उभं राहून काढता, म्हणून सगळ्या फोटोंमध्ये पोरांच्या टाळू आल्यात."

मास्तर गब्बूला बायकोकडे देऊन फरशीवर मांडी घालून बसले. भिंगरी स्टुलाच्या होडीवर चढली आणि तिथून तिने उडी मारली. मास्तरांनी बटण दाबलं.

मागच्या पडद्यावर भिंगरी हवेत होती. दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर, दोन्ही हात पसरलेले, वेणी सुटून आडवी झालेली आणि वेणीचा केस न् केस वेगळा. तोंड उघडं आणि त्यात खालचे दात एका ओळीत. मास्तरांनी बघितलं, डावीकडून दुसरा किंचित आत आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला तो खरा त्या क्षणी.

"हा द्या," बायको म्हणाली.

पुढच्या बुधवारी मास्तर मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. एकटेच जातो म्हणाले होते, पण बायको अर्धा दिवस रजा घेऊन बरोबर आली. डॉक्टर शांत, कमी बोलणारे. त्यांनी मास्तरांना लांब व्हरांड्यातून चालवलं, बोटं टिचकीसारखी मिटायला-उघडायला लावली, मनगट धरून गोल फिरवलं, कागदावर गोगलगाईसारखं चक्र काढायला सांगितलं, दोन ओळी लिहायला लावल्या. मास्तरांनी लिहिलं आणि लिहून झाल्यावर अक्षर ओळीच्या शेवटी लहान झालंय का ते स्वतःच आधी तपासलं. डॉक्टरांनी ते बघितलं.

"वडिलांचं व्हायचं असं?"

"हो."

"तुमचं नाही होत. आज तरी तुमच्यात त्या आजाराची एकही खूण नाही."

"पण हातावर कागद ठेवला की तो थरथरतो."

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उचलून स्वतःच्या ताणलेल्या हातावर ठेवला. कागदाचं टोक थरथरलं. "प्रत्येकाचा थोडा हलतो. काळजी केली की जास्त हलतो. चहा किती होतो दिवसात?"

"सात-आठ," बायकोने सांगून टाकलं.

"तो तीनवर आणा. वडिलांना झालं म्हणून मुलाला होतंच असं नाही. पुढचं मी कुणालाच सांगू शकत नाही, पण तुम्ही रोज तपासत बसायची काही गरज नाही. काम करा. मुलांना खेळवा."

बाहेर पडल्यावर दोघं चालत निघाले. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर गर्दी नव्हती. एका कोपऱ्यावर मास्तर थांबले आणि म्हणाले, "मला भूक लागलीय." बायकोने त्यांच्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला, तेव्हा मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. बाथरूममधला कागद, कपाटाची कडी, डॉक्टरांचं चक्र. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"ताई, आहेस का?"

"आहे," ताई म्हणाली. "बाळ, मी तेव्हा बाबांवरून थट्टा केली ना, ती मुळात तुझी नव्हती रे. मला पंचेचाळीस लागलं तेव्हापासून मी माझेच हात बघतेय. सुईत दोरा ओवताना एकदा चुकला की दिवस जातो माझा. मग मी असलं काहीतरी बोलून हसते. हसलं की जरा बरं वाटतं."

एकाच घरात वाढलेली दोन माणसं, दर रविवारी अर्धा तास बोलत होती आणि दोघंही एकाच भीतीवर झाकण ठेवून बसली होती.

"तू दाखवून ये," ते म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर."

"ये," ताई म्हणाली. तिने आढेवेढे घेतले नाहीत, यावरूनच मास्तरांना कळलं की ती किती दमली होती.

ते गेले. ताईलाही व्हरांड्यातून चालवलं, तिच्याकडूनही चक्र काढून घेतलं. तिच्यातही काही निघालं नाही. चष्म्याचा नंबर मात्र बराच वाढलेला निघाला. "म्हणजे दोरा सुईला दिसत होता, मलाच दिसत नव्हता," ताई म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून दोघं बहीण-भाऊ इतके हसले की आत जाणारी माणसं वळून बघायला लागली.

महिनाभराने नवा चष्मा लावून ताई राहायला आली. मास्तर तिला आणायला खाली उतरले ते गब्बूला कडेवर घेऊन. दुपारी त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला केला, ताईला उजेडात बसवलं, दोन्ही मुलांना तिच्या अंगावर सोडलं आणि स्वतः फरशीवर फतकल मारली. गब्बूने तिचा चष्मा ओढला, भिंगरी तिच्या गळ्यात लोंबकळली. मास्तर बटण दाबत होते. वीस-पंचवीस फोटो झाले.

संध्याकाळी ताईने सगळे फोटो एकेक करून मोठे करून बघितले. बायकोने विचारलं, "कसे आलेत?"

"स्वच्छ आलेत," ताई म्हणाली. "फारच स्वच्छ. माझ्या हनुवटीचे सगळे थर आलेत. बाळ, उद्या पुन्हा काढ. या वेळी मी मान जरा वर धरते."